लेकाच्या बँडसाठी साठ मिलियनच्या स्टेडियमला ‘हो’ म्हणू का?

वाचकाचं पत्र

आम्ही बरीच वर्षं डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. मुलगा दहावीत आहे, हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो आणि त्याचा जीव त्या बँडमध्येच अडकलेला आहे. येत्या नोव्हेंबरमध्ये आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, बॉन्डवर मतदान आहे. बॉन्ड म्हणजे मतदारांच्या मंजुरीने काढायचं कर्ज. त्यात शाळांच्या इमारतींचा एक मोठा मुद्दा आहे आणि नव्या फुटबॉल स्टेडियमचा वेगळा मुद्दा आहे. बारा हजार खुर्च्या, साठ मिलियन डॉलर. सध्याचं स्टेडियम आठ हजारांचं आहे, दोन हायस्कुलं ते वापरतात आणि तिसरं हायस्कूल बांधून होतंय.

आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात सगळ्यांचं ‘नो’ ठरलंय. ‘त्यापेक्षा शिक्षकांचे पगार वाढवा’, ‘आपली मुलं कुठे फुटबॉल खेळतात?’ असं चाललंय. मुलगा म्हणतो, “तू नो दिलंस तर मी बँडमध्ये कुठल्या तोंडाने जाऊ?” माझे बाबा कोल्हापूरहून आलेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात शिकवलं त्यांनी. साठ मिलियनचे रुपये करून बघितले, पाचशे कोटींच्या वर आकडा गेला, तेव्हापासून त्यांनी विषयच टाकलाय. नवरा म्हणतो टॅक्स वाढणार, विषय संपला. मी गेल्या वर्षी नागरिक झाले, त्यामुळे हे माझं पहिलंच मतदान. नवऱ्याचं अजून ग्रीन कार्डच आहे. मी काय करू?

— ट्रॉम्बोनवाल्याची आई

उत्तर

प्रिय ट्रॉम्बोनवाल्याच्या आई,

आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. शाळांच्या मुद्द्याला ‘फॉर’, स्टेडियमच्या मुद्द्याला ‘अगेन्स्ट’. आणि हे लेकाला मतदानाच्या आधी समोर बसवून सांगा. त्याला ते बँडमधल्या कुणाकडून कळता कामा नये.

पण तुमच्या व्हॉट्सॲप गटाने ‘नो’साठी दिलेली कारणं बहुतेक चुकीची आहेत, आणि चुकीच्या कारणाने दिलेलं बरोबर मत मला फारसं आवडत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पगारांचं घ्या. टेक्सासमध्ये शाळेसाठी आपण जो प्रॉपर्टी टॅक्स भरतो त्याचे दोन भाग असतात. बिलावर बघितलंत तर ‘एम अँड ओ’ आणि ‘आय अँड एस’ अशी अक्षरं दिसतील. पहिल्यातून शाळा रोज चालते: पगार, वीज, बसचं डिझेल, सफाई. दुसऱ्यातून फक्त कर्जाचे हप्ते जातात. घरात किराणाचा डबा वेगळा आणि लग्नाचा डबा वेगळा असतो ना, तसं. फरक एवढाच की इथे कर्जाच्या डब्यातले पैसे किराणाच्या डब्यात घालायला कायद्याने बंदी आहे. बॉन्डच्या पैशातून जमीन घेता येते, इमारत बांधता येते, बस घेता येते, शिक्षकाचा पगार देता येत नाही. स्टेडियमचा मुद्दा मतदानात पडला तर त्यातला एक डॉलरसुद्धा शिक्षकांकडे जाणार नाही. गटातल्या मंडळींना हे सांगून बघा. ऐकतील असं नाही.

मग डिस्ट्रिक्टांना एवढं बांधायचं सुचतं कसं? त्याचंही उत्तर याच डब्यांत आहे. श्रीमंत डिस्ट्रिक्टने किराणाच्या डब्यात ठराविक मर्यादेपेक्षा जास्त गोळा केलं तर वरचा भाग राज्य काढून घेतं. १९९३ च्या कायद्याने ही पद्धत आली आणि लोक तिला ‘रॉबिन हूड’ म्हणतात. बॉन्डच्या डब्याला मात्र राज्याचा हात लागत नाही, तिथला प्रत्येक डॉलर गावातच राहतो. त्यात दर विद्यार्थ्यामागे राज्य जी मूळ रक्कम धरतं ती २०१९ पासून ६,१६० डॉलरवर अडकून बसली होती. महागाईने मधल्या काळात काय केलं ते तुम्ही किराणा आणताना पाहिलंच आहे. २०२५ मध्ये विधिमंडळाने त्यात भर घातली ती ५५ डॉलरची. म्हणून एकाच गावात एका बाजूला शिक्षक कमी करायची चर्चा आणि दुसऱ्या बाजूला उभी क्रेन असं विचित्र दृश्य दिसतं. गावाला अक्कल नाही असा त्याचा अर्थ नाही. राज्याने पैशाचे नियमच असे केलेत की चालवायला पैसा नाही आणि बांधायला आहे.

आता तुमच्या यजमानांचा टॅक्स. समजा साठ मिलियनचं कर्ज २५ वर्षांसाठी, ४ टक्क्यांनी काढलं. वर्षाला साधारण ३.८४ मिलियनचा हप्ता बसतो आणि सगळे हप्ते मिळून ९६ मिलियन. जाहिरातीत साठ लिहितात, फेडायचे असतात शहाण्णव. तुमच्या डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या मालमत्तांचं करपात्र मूल्य वीस बिलियन धरलं, तर शंभर डॉलरमागे दोन सेंटांहून थोडं कमी पडतं. सूट वजा जाता तुमचं घर चार लाखांचं धरलं तर वर्षाला सुमारे ७७ डॉलर. एवढे तर मंडळाच्या दिवाळीच्या तिकिटांना जातात. तेव्हा ‘टॅक्स वाढणार, विषय संपला’ हे म्हणणं फार टिकत नाही. तुमचे खरे आकडे यापेक्षा वेगळे असतील आणि ते मिळवणं सोपं आहे. बॉन्डच्या मतदानासाठी डिस्ट्रिक्टला मतदारांकरता एक माहितीपत्रक काढावंच लागतं. त्यात मुद्दल, अंदाजे व्याज आणि एक लाखाच्या घरावर वर्षाला किती बोजा पडेल ते दिलेलं असतं. त्याचा तुमच्या घराच्या मूल्याशी गुणाकार करा.

बॅलटवर ‘ही प्रॉपर्टी टॅक्सची वाढ आहे’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं दिसेल. ते २०१९ पासून प्रत्येक शाळा-बॉन्डवर छापावंच लागतं, त्याने घाबरू नका. आणि डिस्ट्रिक्टचे लोक ‘दर वाढणार नाही’ म्हणतील, त्याने निश्चिंतही होऊ नका. जुनं कर्ज फिटत आलेलं असतं, त्यामुळे दर खाली यायला हवा. तो खाली येऊ न देता नवं कर्ज त्या जागी बसवायचं आणि ‘दर तोच’ म्हणायचं, अशी ती चलाखी आहे. खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही.

आता या मोठ्या स्टेडियमांची थोडी हकिकत, कारण तुमच्या बॅलटवर स्टेडियमचा मुद्दा वेगळा का आहे ते त्यातून कळतं.

तुमच्या जवळच्याच ॲलनपासून सुरुवात करू. २००९ मध्ये तिथल्या मतदारांनी ११९ मिलियनचा बॉन्ड पास केला. त्यात नाट्यगृह होतं, बस वगैरेंसाठी सेवा केंद्र होतं आणि स्टेडियमही होतं, सगळं एकाच गाठोड्यात. २०१२ च्या ऑगस्टमध्ये १८ हजार खुर्च्यांचं, सुमारे साठ मिलियनचं ईगल स्टेडियम उघडलं आणि देशभरच्या बातम्यांत झळकलं. दीड वर्षात काँक्रीटला भेगा. २०१४ च्या फेब्रुवारीत कुलूप लागलं, ते २०१५ मध्ये निघालं. गंमत पुढे आहे. २०१४ चा अख्खा हंगाम ॲलनची पोरं शेजारच्या गावांच्या मैदानांवर खेळली, एकही सामना हरली नाहीत आणि सलग तिसऱ्यांदा राज्याची विजेती झाली. त्या संघाचा क्वार्टरबॅक कायलर मरे पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला. स्टेडियम बंद असतानाच्या वर्षी संघ अजिंक्य! ‘स्टेडियमशिवाय आमची पोरं मागे पडतील’ असं डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या बैठकीत कुणी म्हणालं तर ही हकिकत हाताशी ठेवा.

ॲलनची बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. त्या गावात एकच हायस्कूल आहे, ते त्यांनी जाणूनबुजून एकच ठेवलंय. हजारो मुलं, आणि बँड एवढा मोठा की देशातला सगळ्यात मोठा हायस्कूल बँड म्हणून त्याची ओळख. त्या बँडचेच आईबाप, भावंडं आणि आजी-आजोबा आले तरी एक बाजू भरते. अठरा हजारांमागे तिथे काहीतरी हिशोब होता.

ह्यूस्टनजवळच्या केटीची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. २०१३ मध्ये तिथे ९९ मिलियनचा बॉन्ड आला, त्यातला मोठा वाटा स्टेडियमचा. लोकांनी पाडला. पुढच्याच वर्षी डिस्ट्रिक्टने ७४८ मिलियनचा बॉन्ड आणला. नव्या शाळा, दुरुस्त्या आणि पोटात थोडं लहान स्टेडियम. यावेळी पास झाला. शाळा हव्यात तर स्टेडियमही घ्या. सत्तर मिलियनच्या आसपास खर्च होऊन २०१७ मध्ये १२ हजार खुर्च्यांचं लेगसी स्टेडियम उघडलं, तेही जुन्या स्टेडियमच्या शेजारी. मॅकिनीतही २०१६ च्या २२० मिलियनच्या बॉन्डमध्ये स्टेडियम असंच आत होतं. २०१८ मध्ये ते उघडायच्या आधी तिथेही काँक्रीटच्या भेगा निघाल्या. (ही भेगांची साथ काय आहे कुणास ठाऊक.)

मग २०१९ मध्ये विधिमंडळाने हे गाठोडं सोडलं. हजारापेक्षा जास्त खुर्च्यांचं स्टेडियम, पोहण्याचा तलाव, नाट्यगृह अशा गोष्टी बॅलटवर वेगळ्या मुद्द्याने मांडाव्या लागतात. याचा परिणाम प्रॉस्परमध्ये दिसला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या लोकांनी शाळांसाठी अब्जावधी डॉलर मंजूर केले आणि त्याच दिवशी ९४ मिलियनचं दुसरं स्टेडियम नाकारलं. हे गाव फुटबॉलवर रुसलेलं नाही हं. त्यांच्याकडे २०१९ मध्ये उघडलेलं १२ हजारांचं स्टेडियम आहेच. लोकांनी एवढंच म्हटलं की एक पुरे. तुम्हालाही तेच करायची मुभा कायद्याने दिली आहे, ती वापरा.

एवढं सगळं लक्षात घेऊनही मी ‘अगेन्स्ट’ का म्हणते? कारण चालवायचा खर्च.

बांधायचे पैसे कर्जाच्या डब्यातून येतात. पण दिवे लागतात, पोलीस बोलवावे लागतात, स्वच्छतागृहं धुवावी लागतात, विमा भरावा लागतो, त्या प्रचंड स्क्रीनमागे माणूस बसवावा लागतो, आणि हे सगळं किराणाच्या डब्यातून जातं. ज्यातून शिक्षकांचा पगार जातो त्याच डब्यातून. म्हणजे तुमच्या गटातल्या लोकांचं उलट्या बाजूने खरं आहे: स्टेडियमचा मुद्दा पाडून शिक्षकांना काही मिळत नाही, पण स्टेडियम बांधून त्यांचं थोडं जातं, आणि दरवर्षी जातं. यावर डिस्ट्रिक्ट म्हणेल, तिकिटं विकू, प्लेऑफच्या सामन्यांना मैदान भाड्याने देऊ, स्टेडियमला नाव द्यायचा हक्क विकू. मिळतं थोडंफार. पण अशा भाड्यातून वर्षाचा साडेतीन-चार मिलियनचा हप्ता फिटत नाही हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. शिवाय भाड्याने द्यायला आजूबाजूच्या प्रत्येक गावाने असंच स्टेडियम बांधून ठेवलंय. फ्रिस्कोचं फोर्ड सेंटर लोक उदाहरण म्हणून देतात. २०१६ पासून तिथे शाळांचे सामने झोकात होतात. पण तिथे शहर, शाळा आणि डॅलस काउबॉइज हा व्यावसायिक फुटबॉल संघ असे तिघे एकत्र आले होते आणि काउबॉइजना सरावासाठी ती जागा स्वतःलाच हवी होती. तुमच्या गावाला कुणी काउबॉइज भेटलेत असं पत्रात दिसत नाही.

टर्फचंही आहे. कृत्रिम गवत साधारण दहा वर्षांत बदलावं लागतं. कर्ज पंचवीस वर्षांचं. कुठल्या वस्तूचं कर्ज किती वर्षांचं ठेवलंय हे विचारा, शहाणे डिस्ट्रिक्ट ते वेगवेगळं ठेवतात.

आणि पंचवीस वर्षांनी तुमच्या गावात मुलं किती असतील? हा प्रश्न आगाऊ वाटेल, कारण तुमच्याकडे अजून घरं बांधली जातायत. प्लानोतही एकेकाळी जातच होती. २०२४ मध्ये तिथल्या बोर्डाने पटसंख्या घटली म्हणून चार शाळा बंद करायचं ठरवलं. ॲलनने २०२३ मध्ये दोन प्राथमिक शाळा बंद केल्या, तेच ॲलन, तेच स्टेडियमवालं. आईबाप त्याच घरात राहतात, मुलं मोठी होऊन जातात, आणि घरांच्या किमती अशा होतात की लहान मुलांची कुटुंबं तिथे येऊ शकत नाहीत. शाळा बंद करता येते, स्टेडियमचं कर्ज बंद करता येत नाही.

तिसरं हायस्कूल होतंय म्हणून दुसरं स्टेडियम हवं, हा डिस्ट्रिक्टचा सगळ्यात सबळ मुद्दा असणार. तो कागदावर मांडून बघा. नियमित हंगामात एका संघाचे दहा सामने, त्यातले साधारण पाच घरच्या मैदानावर. तीन शाळांचे पंधरा. हंगाम अकरा आठवड्यांचा धरला आणि गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तीन दिवस घेतले तर तेहतीस जागा होतात. पंधरा सामने त्यात आरामात बसतात. हो, गुरुवारी सामना असला की पोरं रात्री अकराला घरी येतात आणि सकाळी गणिताची परीक्षा असते, ही तक्रार रास्त आहे. प्रत्येकाला शुक्रवारच हवा असतो. टेक्सासमध्ये शुक्रवारची रात्र कुणी सुखासुखी सोडत नाही. पण त्या शुक्रवारच्या हट्टासाठी शहाण्णव मिलियन? मी देणार नाही. चौथं-पाचवं हायस्कूल आलं तर हिशोब बदलेल, तेव्हा परत विचार करू.

आणि बारा हजार का? आठ हजारांचं सध्याचं मैदान किती वेळा भरतं? होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या सामन्याला भरत असेल, त्या दिवशी पोरी छातीवर ताटाएवढी फुलं आणि गुडघ्यापर्यंतच्या रिबिनी लावून येतात तेव्हा. शेजारच्या गावाशी खुन्नस असेल तेव्हा भरत असेल. बाकी रात्री? गेल्या तीन हंगामांतल्या प्रत्येक सामन्याची तिकीटविक्री डिस्ट्रिक्टकडे मागा. टेक्सासच्या माहितीच्या कायद्याने ती मागता येते आणि मागायला नागरिक असावं लागत नाही, तेव्हा हे काम यजमानांना द्या. टॅक्सचा राग चांगल्या कामी येईल. सध्याच्या मैदानात व्हीलचेअरसाठी नीट सोय नसेल, किंवा इमारतच धोक्याची असेल, असं काही त्यातून निघालं तर दुरुस्तीला मी आनंदाने हो म्हणेन. पण मग मागणी दुरुस्तीची असायला हवी.

आता लेक. त्याच्या बाजूने एक गोष्ट मोठ्यांनी मान्य करायला हवी. शुक्रवारी रात्री त्या मैदानावर फुटबॉलच्या पोरांपेक्षा बँडची पोरं बऱ्याचदा जास्त असतात. ऑगस्टच्या उन्हात डांबरावर उभं राहून पावलं मोजत त्यांनी जी आठ-नऊ मिनिटं बसवलेली असतात, ती गावासमोर हाफटाइमलाच दिसतात. तेव्हा ‘फुटबॉलवाल्यांचे लाड’ असं त्याच्यासमोर बोलू नका, तो त्या मैदानाला स्वतःचं समजतो आणि ते बरोबर आहे.

पण त्याला विचारा, बँडला काय कमी पडतं? बारा हजार खुर्च्या कमी पडतात? मला वाटतं तो सांगेल की सरावाचं डांबर उखडलंय, बँड हॉलमध्ये मावत नाही, सूसाफोन जुने झालेत, ट्रक भाड्याने आणावा लागतो. यातल्या बऱ्याच गोष्टी शाळांच्या मोठ्या मुद्द्यात असू शकतात. तो कागद दोघं मिळून वाचा. बँड हॉल तिथे असेल तर तुम्ही बँडच्या बाजूनेच मत देताय, हे त्याला दाखवता येईल. नसेल तर बोर्डासमोर बोलायला तुम्हाला विषय मिळाला. आणि एवढं करूनही त्याचं मत स्टेडियमच्या बाजूनेच राहिलं तर राहू द्या. त्याला म्हणा, ये बोर्डाच्या बैठकीला, तीन मिनिटं तू बोल, तीन मिनिटं मी बोलते. विद्यार्थी बोलले की बोर्डाची मंडळी कान देऊन ऐकतात, आपल्यापेक्षा जास्तच.

‘बँडमध्ये कुठल्या तोंडाने जाऊ’ याचं म्हणाल तर मतदान गुप्त असतं. बूस्टर क्लबच्या, म्हणजे बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या गटातल्या, आयांनी विचारलं तर सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. अंगणात पाटी लावू नका, एवढं मी म्हणेन. ‘नो’ची पाटी घरावर लावून लेकाला त्याच दारातून बँडचा युनिफॉर्म घालून जायला लावणं बरं नाही.

तुमच्या गटातल्या त्या वाक्याबद्दल, ‘आपली मुलं कुठे फुटबॉल खेळतात’. त्या कारणाने कुणी ‘नो’ देणार असेल तर त्यापेक्षा त्यांनी ‘येस’ दिलेलं मला चालेल. आपली मुलं ऑर्केस्ट्रात आहेत, रोबोटिक्समध्ये आहेत, कॅल्क्युलसच्या वर्गात आहेत, आणि ते सगळं अशा लोकांच्या टॅक्सवर उभं आहे ज्यांना मुलंच नाहीत किंवा ज्यांची केव्हाच मोठी झाली. त्यांनी कधी आपल्याला विचारलं नाही की तुमची पोरं कुठे डुक्कर वाढवण्याच्या स्पर्धेत उतरतात. (उतरतातही काही.)

बाबांचं राहिलं. त्यांना म्हणावं, तुमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं, १९१२ मध्ये ते खुलं झालं, आणि पाच वर्षांनी त्याच महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. खेळासाठी खर्च केला म्हणून त्यांना कुणी नावं ठेवत नाही. आणि शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल संघ उतरले की कोल्हापूरकर काय करतात ते बाबांना माहीत आहे, ते स्वतः गेले नसतील असं मला वाटत नाही. तेव्हा इथली माणसं वेडी आहेत असं नाही.

पण त्यांना बसलेल्या धक्क्याची टिंगल करू नका, कारण इथेही तो धक्का बसलेली माणसं आहेत. सॅन अँटोनिओत एजवूड नावाचा गरीब डिस्ट्रिक्ट आहे. १९६८ मध्ये तिथल्या हायस्कूलची मुलं पडक्या इमारतीचा आणि अपुऱ्या शिक्षकांचा निषेध म्हणून वर्ग सोडून बाहेर पडली. पालकांनी खटला भरला. गरीब वस्तीत घरांना किंमत नाही, म्हणून टॅक्स कितीही लावला तरी शाळेला पैसा मिळत नाही, हे अन्यायाचं आहे, असं त्यांचं म्हणणं. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते पाच विरुद्ध चार असे हरले. १९८४ मध्ये टेक्सासच्या कोर्टात नव्याने गेले आणि १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. वर लिहिलेला ‘रॉबिन हूड’ त्या निकालातून आला. बॉन्डचा डबा मात्र तेव्हाही सुटला. ज्या गावात महाग घरं आणि मॉल, त्या गावाला दोन सेंटांत स्टेडियम, आणि ज्या गावात घरं स्वस्त, तिथे तेच स्टेडियम दहा सेंटांनाही येत नाही. तुमच्या बाबांना राग आला तो बहुधा याच गोष्टीचा, फक्त त्यांनी तो रुपयांत मोजला. जमलं तर त्यांना एका शुक्रवारी सामन्याला न्या. खेळ कळणार नाही, पण हाफटाइमला नातू दिसेल.

बोर्डाच्या बैठकीत बोलायचं असेल तर वेबसाइटवर किंवा दारात आधी नाव नोंदवावं लागतं, वेळ तीन मिनिटांच्या आसपास मिळते. भाषण करू नका, दोनच प्रश्न विचारा. हे मैदान चालवायला वर्षाला किती लागतील आणि ते कुठल्या डब्यातून? आणि आठ हजारांचं मैदान गेल्या तीन हंगामांत किती वेळा भरलं? उत्तर ताबडतोब मिळेलच असं नाही, पण प्रश्न इतिवृत्तात जातो आणि पुढच्या बैठकीत दुसरं कुणी तो उचलतं.

आता दोन कामाच्या गोष्टी. मतदाराची नोंदणी मतदानाच्या तीस दिवस आधी व्हावी लागते आणि टेक्सासमध्ये नव्या मतदाराने फॉर्म छापून, सही करून पोस्टाने पाठवायचा असतो. नागरिक झालात म्हणून नाव आपोआप चढलं असेल असं धरू नका, काउंटीच्या यादीत बघा. नोव्हेंबरचं बॅलट लांब असतं, शाळेचे मुद्दे अगदी शेवटी येतात. बरीच माणसं वरचं भरून निघून जातात. तुम्ही शेवटच्या स्क्रीनपर्यंत जा.

दुसरी गोष्ट यजमानांसाठी, आणि ही थट्टेवारी नेऊ नका. ग्रीन कार्डवर मत देता येत नाही, नोंदणीही करता येत नाही, स्थानिक शाळेच्या बॉन्डसाठीसुद्धा नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्मवर ‘मतदार म्हणून नोंदणी करायची का’ असा चौकोन असतो, काउंटरवरचा माणूस घाईत विचारतो आणि आपण मान हलवतो. तिथे ‘नाही’च म्हणायचं. चुकून नोंदणी झाली आणि मत दिलं गेलं तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडतो आणि ग्रीन कार्डही जाऊ शकतं. तसं आधीच काही झालं असेल, तर मला पुन्हा पत्र लिहू नका, थेट इमिग्रेशन वकिलाकडे जा.